जाळीतला पांढरा चुरा

हळद शिजवून, वाळवून, घोळून झाली की आमच्या घरी कपड्यांचा ढीग लागतो. घोळणीच्या ड्रमातून उडणारी पिवळी धूळ माणसाच्या अंगावर, केसांत, बनियनच्या धाग्याधाग्यात जाऊन बसते. अशाच एका सकाळी वहिनींनी मला हाक मारली आणि मशीनमधून नुकतंच काढलेलं एक बनियन समोर धरलं. त्यावर तांबडे, विटकरी डाग पसरलेले होते.

"भाऊजी, मशीनला आतून गंज चढला. आता ड्रम बदलावा लागतो की काय?"

मी अर्धं लिंबू आणलं आणि एका डागावर पिळलं. तांबडा डाग बघता बघता पिवळा झाला. गंज असता तर पिवळा झाला नसता, फार तर हळूहळू फिका पडला असता. हळदीतला रंग म्हणजे कर्क्युमिन. साध्या किंवा आंबट पाण्यात तो पिवळा राहतो आणि साबण-सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात तांबडा होतो. कुंकू करताना हळदीला चुन्याची निवळी लावतात, तीही याच गुणामुळे. हा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून एका धुण्यात जातही नाही. मात्र उन्हापुढे त्याचं काही चालत नाही. बनियन दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात टाकलं आणि डाग फिके पडत गेले. ड्रमला काहीच झालं नव्हतं.

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहेच. पण याच हळदीच्या डागाला गंज समजून एखादं घर ड्रमसाठी हजारो रुपये मोजायला निघू शकतं, हेही मी पाहिलं आहे. घरची, भावकीतली, शेजारपाजारची मशीन खोलता-जोडता माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात वॉशिंग मशीनच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मशीनच्या बाहेर असतं: पाण्यात, विजेत, नाहीतर मशीन जिथे ठेवली त्या फरशीत. ते ओळखता आलं तर निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

हे ओळखणं आपल्याकडे जरा जास्तच गरजेचं आहे. परभणीतून वेगळा होऊन 1 मे 1999 रोजी आपला जिल्हा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. शहरात मेकॅनिक मिळतो. पण सेनगावकडच्या एखाद्या वाडीवर कंपनीचा माणूस यायचा तर तो कधी नांदेडहून निघतो, कधी दोन-चार तक्रारी एकत्र साठल्यावर येतो. तोवर घरातली बाई आठवडाभर मोरीवर बसून धुणं धुते. त्या आठवड्यासाठी हा लेख.

काही खोलण्याआधी एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग बोर्डातून उपसून बाहेर ठेवायचा. अनेक घरांत बोर्डाची जोडणी उलटी झालेली असते, बटण बंद करूनही वायरीत वीज राहते. हात कोरडे, पायात चप्पल, फरशीवर पाणी नको.

आता पाण्याच्या मागे मागे जाऊ या. फुल्ली ऑटोमॅटिक मशीनची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे "पाणीच घेत नाही" किंवा "पाणी भरायलाच तास लावते". नळ बंद करा आणि मशीनच्या मागे जिथे पाईप चढवला आहे तिथली प्लास्टिकची चकती हाताने फिरवून सोडवा. आत तोंडाशीच नाण्याएवढी छोटी जाळी दिसेल. तिच्या मधल्या उंचवट्याला पकडीने हलकेच धरून ती बाहेर ओढायची. ही जाळी म्हणजे तुमच्या घरच्या पाण्याची पत्रिकाच असते. तिच्यावर पांढरा, दाताखाली कचकन फुटेल असा चुरा असेल तर बोअरच्या पाण्यातले क्षार. तपकिरी मऊ गाळ असेल तर पाईपलाईनच्या किंवा विहिरीच्या पाण्यातली माती. हिरवट, बुळबुळीत असेल तर टाकीवर झाकण नाही, आत शेवाळ धरलंय. जुना दातांचा ब्रश घेऊन ती वाहत्या पाण्याखाली घासा. पांढरा चुरा हटत नसेल तर लिंबाच्या रसात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे येतील आणि चुरा सुटेल. मग जाळी जागेवर बसवून पाईप हाताच्याच जोराने आवळा. पान्याने आवळलं तर प्लास्टिकचे आटे जातात.

मी स्वतः यात फसलो आहे. आमची पहिली फुल्ली ऑटोमॅटिक मशीन पाणी घेईना, तेव्हा ती टेम्पोत घालून शहरात नेली. तिथल्या एका दुकानदाराने पाण्याचा व्हॉल्व्ह बदलून दिला, पैसे घेतले. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हा एका जाणत्या वायरमनने ही जाळी काढून माझ्या तळहातावर उपडी केली. चिमूटभर पांढरी वाळू निघाली. जुना व्हॉल्व्ह बहुधा चांगलाच होता.

जाळी स्वच्छ असूनही पाणी हळू येत असेल तर टाकीकडे बघा. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो, टाकी किती मोठी आहे यावर नाही. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. अनेक फुल्ली ऑटोमॅटिक मशीनना किमान 0.3 बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे मशीनच्या तोंडापासून टाकीतलं पाणी निदान तीन मीटर, दहा फूट वर हवं. आपल्याकडे एकमजली घराच्या स्लॅबवर टाकी नुसती टेकवलेली असते. मशीनच्या तोंडापासून मोजलं तर सात-आठ फूट भरतात, आणि टाकी अर्धी झाली की तेही नाही. मशीन वाट बघते, ठरलेल्या वेळेत पाणी भरलं नाही की पडद्यावर खूण दाखवून थांबते. घरात ओरड होते की मशीन बिघडली. खरं तर टाकीखाली तीन-चार फुटांचा विटांचा चौथरा बांधला किंवा लोखंडी स्टँड केला की प्रश्न सुटतो. नवी मशीन घेताना, कमी दाबावर चालणारी आहे का, एवढं विचारून घ्यावं. जिथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि साठवणीच्या ड्रममधून बादलीने घालायचं असतं, तिथे सेमी ऑटोमॅटिकच बरी, हे माझं स्पष्ट मत आहे. तिला दाब लागत नाही, आणि एका साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी शेतातले असे तीन घाणे निघतात.

त्या पांढऱ्या चुऱ्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, दख्खनचा बेसाल्ट. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. म्हणून बोअर जितकं खोल, तितकं पाणी बहुधा जड. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलं आहे. पाणी जड आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बाटलीत पाणी घेऊन अंगाच्या साबणाचा कीस टाकून हलवा. फेस न होता दह्यासारखी साय तरंगली की समजावं. तुरटी फिरवून उपयोग नाही, तुरटीने गाळ बसतो, विरघळलेले क्षार तसेच राहतात.

असं पाणी मशीनमध्ये गेलं की पावडर कमी पडते, म्हणून आपण आणखी पावडर घालतो. न विरघळलेली पावडर, क्षार आणि कपड्यांचा मळ मिळून ड्रमच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला करड्या रंगाचा लेप बसतो. धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, काळ्या पॅन्टवर पांढुरके पट्टे उठतात, ते याचेच. उपाय स्वस्त आहे. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनमध्ये कोमट पाणी भरून त्यात 100 ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्व टाका, पाच मिनिटं फिरवा, तासभर तसंच ठेवा आणि मग दोनदा साध्या पाण्याने खंगाळून काढा. पहिल्या वेळी निघणारं पाणी पाहून धक्का बसेल. यात ब्लीचिंग किंवा क्लोरीनवालं कोणतंही द्रव मिसळायचं नाही. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या मोऱ्यांना बहुधा एकच झरोका असतो.

आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, ही दुसरी मोठी तक्रार. इथे मशीनचा प्रकार बघावा लागतो. सेमी ऑटोमॅटिकमध्ये पाणी उताराने वाहून जातं, पंप नसतो. त्यामुळे ड्रेन पाईप जमिनीवरच लोळला पाहिजे. मोरीचा उंबरठा ओलांडायला तो वीतभर उचलला तरी टबात तेवढं पाणी साचून राहतं. फ्रंट लोडमध्ये उलट आहे. तिथे पंप पाणी वर फेकतो, म्हणून पाईपचं तोंड दोन-अडीच फूट उंचीवर अडकवायचं असतं. ते खाली सोडलं तर पाणी भरता भरता आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं, मशीन भरतच राहते आणि घरातले म्हणतात की टाकी कशी संपली. दोन्ही तक्रारींत पाना लागत नाही, पाईप नीट ठेवला की झालं.

पाईप बरोबर असेल तर कचरा शोधा. सेमी मशीनच्या टबात कडेला एक उभी जाळीदार पट्टी असते, बहुतेक मॉडेलमध्ये ती वर सरकवून निघते. तिच्यामागे रबरी बोंडाचा व्हॉल्व्ह असतो. ड्रेनचं बटण फिरवलं की तो उचलला जातो. शेतातल्या कपड्यांबरोबर काय काय येतं ते इथे सापडतं: सोयाबीनची टरफलं, गवताची कुसळं, सुपारीचे तुकडे, पुड्यांचे फाटलेले कोपरे. व्हॉल्व्हखाली खडा अडकला की उलटी तक्रार येते, टबात पाणी टिकतच नाही. रबर काढून धुऊन परत बसवा. रबर कडक होऊन चिरलं असेल तर नवं घ्या, ते फार महाग नसतं. फ्रंट लोडमध्ये पुढच्या बाजूला खाली छोटं झाकण असतं, त्याच्या आत पंपाची फिरकीची जाळी. ती सोडवण्याआधी खाली पसरट ताट आणि फडकं ठेवा, कारण दोन-तीन तांबे पाणी अंगावर येतंच. गरम पाण्याचं धुणं नुकतंच झालं असेल तर आधी थंड होऊ द्या.

काळ्या मातीविषयी एक विनंती. आपली माती इतकी बारीक असते की ओली झाली की चिकटते आणि पाण्यात लवकर खाली बसत नाही. चिखलाने भरलेली पॅन्ट थेट मशीनमध्ये टाकू नये. चिखल वाळू द्यावा, झटकावा, एकदा बादलीत खळबळून काढावी आणि मगच मशीनकडे न्यावी. खिसे उलटे करावेत. एकदा आमच्या टबात खरर खरर आवाज येऊ लागला. तळाच्या फिरत्या चकतीचा, म्हणजे पल्सेटरचा मधला स्क्रू काढला, पण चकती साबणाच्या थराने घट्ट बसलेली. तेव्हा सुतळीचे दोन तुकडे तिच्या समोरासमोरच्या कडांखाली सरकवून दोन्ही हातांनी सरळ वर ओढली. खाली दोन रुपयांची तीन नाणी, एक हेअरपिन आणि ब्लाऊजचा हूक निघाला. हेअरपिनने टबाच्या प्लास्टिकवर गोल चरा पाडला होता. आणखी महिनाभर चालवली असती तर टब फुटला असता.

आता मोटर. मशीन चालू केली, घूंऽऽ असा आवाज येतो, पण काही फिरत नाही. प्लग काढा आणि टबातली चकती हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर काहीतरी अडकलंय किंवा गिअर जाम आहे. सहज फिरत असेल तर संशय कंडेन्सरवर. आपले मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात तो कपॅसिटर, मोटरजवळ पट्टीने आवळलेली छोटी डबी. तिचं काम समजून घ्यायला जातं आठवा. जात्याचा खुंटा धरून नुसतं सरळ रेषेत पुढे-मागे ढकललं तर पाळ हलेल, फिरणार नाही. घरातली सिंगल फेज वीज मोटरच्या एका वेटोळ्यात असंच एका रेषेतलं पुढे-मागे ओढणं करते, सेकंदाला 50 वेळा. पण जात्यावर समोरासमोर दोघी बसल्या की एकीचा जोर संपतो तिथे दुसरीचा सुरू होतो, आणि जातं गरगर फिरतं. मोटरमधलं दुसरं वेटोळं ही ती दुसरी बाई, आणि तिचा जोर नेमका किती मागे-पुढे पडावा हे ठरवतो कंडेन्सर. तो गेला की मोटर गुरगुरते पण उठत नाही. हाताने एकदा ढकललं तर मात्र त्या दिशेने फिरत राहते, जसं वेग घेतलेलं जातं एका हातावरही चालतं. पुष्कळ घरांत असं ढकलून ढकलून मशीन चालवतात. ते करू नका. चालू मशीनमध्ये हात घालणं हाच मोठा धोका, आणि उठू न शकलेली मोटर तापून जळते. थोडक्या पैशांच्या डबीपायी मोटर गमवाल.

कंडेन्सर बदलणं अवघड नाही, पण त्यात वीज साठून राहते. प्लग काढल्यावरही तो झटका देऊ शकतो. जुन्या, तारेच्या साठ वॉटच्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना टेकवल्या की साठलेली वीज निघून जाते. हे करायला मन धजत नसेल तर गावातल्या वायरमनला बोलवा, हे काम त्याच्या रोजच्या हाताखालचं आहे. जुन्या डबीवर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो. सेमी मशीनमध्ये धुण्याच्या मोटरला दहाच्या आसपास आणि ड्रायरला पाचच्या आसपास असा तो पुष्कळदा दिसतो. नवी डबी नेमक्या त्याच आकड्याची घ्यायची. "थोडा मोठा टाकू, जोर वाढेल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नये, मोटर तापते.

चकती एकाच दिशेने फिरते आणि कपड्यांचा पीळ घातलेला दोरखंड होतो? मग कंडेन्सर ठीक आहे. मोटरला आलटून पालटून उलट-सुलट फिरवायचं काम टायमरचं, त्याचा एक संपर्क जळालेला असतो. टायमर बदलावा. मोटरचा आवाज जोरात पण चकती मरगळलेली, आणि रबर जळाल्याचा वास आला तर बेल्ट. मागचं झाकण काढून बेल्ट बोटाने दाबा. अर्धा-पाऊण इंच दबला तर ठीक, लोंबत असेल किंवा कडेला तडे असतील तर नवा लागणार. बेल्टवर छापलेला नंबर पुसट होण्याआधी लिहून ठेवा. दुकानात मॉडेलपेक्षा त्या नंबरने माल लवकर मिळतो.

ड्रायर फिरत नसेल तर आधी कपडे बघा. एका बाजूला ओली चादर आणि दुसरीकडे दोन रुमाल असं झालं की तो धडधडून थांबतो. कपडे सारखे दाबून भरा आणि वर प्लास्टिकची जाळीदार चकती बसवा. ती हरवली म्हणून तशीच मशीन चालवणारी घरं मी पाहिली आहेत. एखादा मोजा उडून ड्रायर आणि बाहेरच्या भांड्यामधल्या फटीत गेला की तो खालच्या दांड्याला गुंडाळला जातो आणि ड्रायर जाम होतो. झाकण नीट बसलं आहे का तेही बघा, त्याच्याखाली सुरक्षेचा स्विच असतो. झाकण उघडताच ड्रायर थांबवायला एक ब्रेक असतो आणि तो तारेने ओढला जातो. तार सैल झाली की ब्रेक सुटत नाही, मोटर घासत फिरते, जळका वास येतो. पाठीमागून पाहिलं तर तारेचा आकडा एक भोक पुढे अडकवून हे जमतं. ड्रायरखाली तपकिरी, तेलकट पाणी ठिबकत असेल तर मात्र तिथलं रबरी सील गेलंय आणि पाणी मोटरवर पडतंय. मशीन तेवढ्यावर थांबवावी, सील वेळेत बदललं तर मोटर वाचते.

ज्या घरात धान्याची पोती असतात तिथे आणखी एक शत्रू आहे. सेमी मशीनचा तळ पुष्कळदा उघडा असतो. मोटरजवळ ऊब असते, अंधार असतो. उंदीर तिथे घर करतो आणि वायरी कुरतडतो. मशीन काल चांगली होती, आज अचानक पूर्ण बंद, आणि खाली लेंड्या दिसल्या तर दुसरं काही शोधू नका. कुरतडलेली वायर नुसत्या टेपने गुंडाळून भागत नाही, ओल्या जागेत ती पुन्हा उघडी पडते. तुकडा बदलून घ्यावा, मशीन स्टँडवर उचलावी, तळाला बारीक लोखंडी जाळी ठोकावी आणि पोती दुसऱ्या खोलीत हलवावीत.

मशीन थडथडत चालत पुढे येते, तेव्हा दोष बहुधा फरशीचा. मोरीजवळच्या फरशीला उतार असतो. मशीनवर काठोकाठ पाणी भरलेलं ताट ठेवा, कोणत्या बाजूने सांडतं ते बघा, आणि त्या कोपऱ्याचा पाय फिरवून उंच करा. नवी फ्रंट लोड पहिल्याच दिवशी घर हलवू लागली तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिलेत. ते काढून जपून ठेवावेत, घर बदलताना लागतात.

विजेकडे वळू. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं तेव्हा दिवा थोडा मंद होतो एवढंच आपल्याला दिसतं. मोटरवर परिणाम कितीतरी जास्त होतो, कारण अशा मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 चे 180 व्होल्ट झाले तर ताकद साधारण 61 टक्के उरते. सकाळी सहज फिरणारी मशीन संध्याकाळी तेवढ्याच कपड्यांना घूं घूं करते, ती यामुळे. अशा वेळी कपडे निम्मे करा किंवा धुणं दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकला. ज्या डीपीवर हे रोजचंच आहे तिथे स्टॅबिलायझर घ्यावा. पाणी तापवणारी फ्रंट लोड असेल तर तिचा हीटर दोन हजार वॉटच्या आसपास असतो, म्हणजे नऊएक अँपिअर. तिला मोठ्या पिनेचा 16 अँपिअरचाच बोर्ड हवा, एक्स्टेंशनची बारीक वायर वितळते. मेमध्ये वळवाचं आभाळ आलं, विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा, कारण मशीनमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड एका दणक्यात जातं. लाईट येऊन-जाऊन मशीन मध्येच अडकली असेल तर प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा, कित्येकदा तेवढ्यानेच ती शुद्धीवर येते.

मशीनला हात लावला आणि झिणझिण्या आल्या तर मात्र त्या क्षणापासून ती कोणी वापरायची नाही. "चप्पल घातली की लागत नाही" असं म्हणत वर्षानुवर्षं मशीन चालवणारी घरं आहेत, आणि मला त्यांची फार काळजी वाटते. ओलं अंग, ओली फरशी आणि पत्र्याची मशीन एकत्र आली तर माणूस सुटत नाही. झिणझिण्या म्हणजे आत कुठेतरी वीज पत्र्याला लागली आहे आणि अर्थिंग काम करत नाही. तिसरी पिन मोडून दोन पिनांवर मशीन लावणं, अर्थिंगची वायर नळाच्या पाईपला बांधणं, हे दोन्ही जीवघेणं आहे. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज भलत्या वाटेने जमिनीत उतरू लागली तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो. आपल्या काळ्या मातीची एक खोड इथेही आहे. पावसाळ्यात ती वीज छान ओढून घेते, उन्हाळ्यात तिला हातहातभर भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. म्हणून एप्रिल-मे मध्ये त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालावं. आम्ही शेवटच्या खंगाळणीचं पाणी तिकडे नेतो.

गिअर, बेअरिंग, मोटरचं वाइंडिंग आणि कार्ड यांना घरी हात लावू नये. ड्रम फिरताना दूरवर आगगाडी चालल्यासारखा घरघराट येऊ लागला तर तो बेअरिंगचा, त्याला मेकॅनिकच लागतो. वॉरंटीतल्या मशीनचं झाकणही उघडू नका, बाहेरची जाळी, पाईप, पाय एवढंच बघा. वॉरंटीत असूनही कोणी दाद देत नसेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे. मेकॅनिकला फोन करताना "मशीन बंद पडली" एवढंच सांगितलं तर तो रिकाम्या हाताने येतो आणि सामान आणायला परत जातो. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, पाणी भरताना थांबली की धुताना की पिळताना, आवाज गुरगुरण्याचा की घासण्याचा, पडद्यावर कोणती अक्षरं आली, हे सांगितलं तर तो पहिल्याच खेपेला योग्य सामान घेऊन निघतो.

आमच्या मशीनच्या झाकणाला आतून वहिनींनी एक कागद चिकटवला आहे. वरून प्लास्टिकची पट्टी लावली आहे, पाणी लागू नये म्हणून. त्यावर मॉडेल नंबर, बेल्टचा नंबर, कंडेन्सरचा आकडा आणि खाली जाळी धुतल्याच्या तारखा. शेवटची तारीख मागच्या रविवारची आहे, आणि तिच्यापुढे त्यांनी लिहिलं आहे, "चुरा कमी निघाला."